सव्वा आहेर

एक

चारही फ्लॉपी कोऱ्या निघाल्या.

हिलाल बोरसेनं पहिली काढून दुसरी घातली, दुसरी काढून तिसरी. यंत्र आपलं कुरकुरायचं आणि काहीच नाही म्हणून सांगायचं. शेजारच्या खुर्चीत प्रमिला देवरे पदराचा बोळा करून बसली होती.

"पुन्हा बघा ना, बोरसे सर."

"बघतोय, बाई. पण कोऱ्या पाटीवर काय बघू?"

१९९३ चा मे महिना. देवपुरात गिरणा-पांझरा विद्यापीठाची नवी इमारत तव्यासारखी तापलेली. त्या अख्ख्या इमारतीत एसी दोनच. एक कुलगुरूंना आणि दुसरा यंत्रांना. त्यामुळे हिलालच्या संगणक सेवा कक्षात प्राध्यापक मंडळी शिकायला कमी आणि गार व्हायला जास्त यायची. हिलाल हे सगळं ओळखून होता. भुसावळला रेल्वेच्या संगणक विभागात उमेदवारी करून आलेला माणूस, तोंडानं फटकळ, पण कामात चोख.

प्रमिला मात्र खरोखर काम करायला यायची. तासिका तत्त्वावरची मराठीची प्राध्यापिका. सुट्टी लागली की पगार बंद. खेड्यापाड्यांत हिंडून तिनं बायकांची हळदीची, जात्यावरची गाणी गोळा केली होती. जशी ऐकली तशी, खानदेशी बोलीतच, मराठी टंकता येणाऱ्या त्या एकुलत्या यंत्रावर तिनं ती उतरवली. हाच तिचा पीएच.डी.चा प्रबंध. महिनाअखेर तो दाखल झाला तर विभागातली एकमेव कायम जागा तिची, नाहीतर भटू अहिरेची.

"हातानी लिहिलेले कागद असतील ना?" हिलालनं विचारलं.

प्रमिला कसनुसं हसली. "सासूबाईंनी बंबात घातले. म्हणाल्या, 'आते मशीनमा शे ना बठ्ठं, कागद काय चाटाना?' कॅसेट महाग, म्हणून मी त्याच पुसून पुन्हा वापरल्या."

हिलालनं कपाळाला हात लावला. मग चौथी फ्लॉपी उजेडात धरली आणि थबकला. फ्लॉपीच्या कडेला एक खाच असते. ती बुजवली की आतलं कुणाला पुसता येत नाही. त्यासाठी चंदेरी पट्ट्या मिळतात, पण विद्यापीठाच्या भांडारातून पट्टी मिळवणं म्हणजे बिनहुंड्याचा नवरा मिळवणं. म्हणून प्रमिला मोठी मरून टिकली दुमडून खाचेवर चिकटवायची.

चारही खाचा उघड्या होत्या. टिकलीचा नुसता डिंक उरला होता, बोटाला लागत होता.

"बाई, हे धुळीनं झालं नाही आणि विजेनंही झालं नाही," हिलाल म्हणाला. "कुणीतरी बसून, एकेक टिकली सोलून पुसलंय हे."

दोन

फ्लॉप्यांची पेटी कुलपात असायची. त्या पेटीत तिघांचं सामान होतं. प्रमिलाचं, अहिरेचं आणि त्या दोघांचे मार्गदर्शक, मराठीचे विभागप्रमुख डॉ. आत्माराम कुवर यांचं. तिघांना तीन किल्ल्या, आणि चौथी कक्षाचा शिपाई दिलवरसिंग पावरा याच्या कमरेला. पाचवा माणूस त्या पेटीला शिवू शकत नव्हता.

कुलसचिव गरुड साहेबांनी निकाल आधीच लावून ठेवला होता. "तुमचा तो पावराच असणार. नव्या फ्लॉपी तयार करायला तुम्हीच शिकवलंत ना त्याला? केल्या असतील कोऱ्या. सातपुड्यातला माणूस, त्याला काय वाचता येतंय?"

"साहेब, तो बारावी आहे."

"मग तर नक्कीच त्यानं केलं."

दिलवरसिंग सरळ समोर उभा राहिला. "सर, नवी फ्लॉपी खोक्यातून येते. तिच्यावर टिकली कुठून येणार? टिकली लावलेली फ्लॉपी बाईंची असते, हे मला कळत नाही का? मी बाईंचं का पुसू? मोगराबाईची, माझ्या आईची गाणीसुद्धा त्यात होती. बाई धडगावपर्यंत आल्या होत्या त्यासाठी."

हिलालनं त्याच्याकडे नीट पाहिलं. माणूस चिडला होता, घाबरलेला नव्हता. आईची गाणी कोण पुसतं?

मग भटू अहिरे. गोरागोमटा, केसांना तेल, खिशाला दोन पेनं. कॅन्टीनमध्ये शेवभाजीचा रस्सा ओरपत बसला होता.

"आता सगळे माझ्याच नावानं बोंबलणार," तो म्हणाला. "जागा मला मिळणार ना! पण सर, एक सांगू? प्रबंध पुरा झालाच नव्हता. मुदत आली, बाईंनी स्वतःच पुसला असेल आणि खापर यंत्रावर. नाचता येईना, अंगण वाकडं."

"तू वाचला होतास?"

"छे! ते शे, शेतस, बठ्ठं कोण वाचतं? आमच्या सरांना तर त्या बोलीचा वास येतो. वर्गात कुणी 'आहे'ला 'शे' म्हटलं की उभं करतात. प्रबंधातसुद्धा सगळी गाणी प्रमाण मराठीत करून आण म्हणून बाईंच्या मागे लागले होते. बाईंनी ऐकलं नाही." अहिरेनं भाकरीचा तुकडा मोडला. "आणि मला पुसायचंच असतं तर एवढी टिकली-बिकली सोलत बसलो असतो का? फ्लॉपी उन्हात टाकली की काम झालं. तुमच्या वर्गात मी सगळं शिकलोय."

ते मात्र खरं होतं. मार्चमध्ये हिलालनं प्राध्यापकांसाठी वर्ग घेतला होता, त्यात शेवटपर्यंत जागा राहिलेला हा एकटाच. बाकीचे एसीत पेंगत होते. त्या दिवशी हिलालनं एकाच फटक्यात सगळीकडचा शब्द बदलायची आज्ञा शिकवली, तेव्हा कुवर सरांनी पहिल्या बाकावरून विचारलं होतं, "म्हणजे शंभर पानांत असला तरी?" हिलाल म्हणाला होता, हजार पानांत असला तरी. पुढे त्यानं गंमत करून दाखवली. राम शोधून श्याम केलं, तर 'आराम'चं 'आश्याम' झालं. अहिरे तेव्हा ओरडला होता, "सर, मग आपले आत्माराम झाले आत्माश्याम!" आणि पेंगणारी मंडळी खडबडून हसली होती. आजही विभागात कुवर सरांचं पाठीमागचं नाव तेच होतं.

तीन

डॉ. कुवर घरी भेटले. झोपाळ्यावर बसले होते, अंगात मलमलचा सदरा. त्यांनी हिलालला कैरीचं पन्हं दिलं आणि डोळ्याला रुमाल लावला.

"माझ्या मुलीसारखी हो ती. मी कुलगुरूंकडे मुदतवाढ मागणार आहे. पण बोरसे, मला त्या तुमच्या डब्यातलं काही कळत नाही. मी जुना माणूस, बोरूवर वाढलेला. बिचाऱ्या पावराला फार बोलू नका. अजाणता झालं असेल."

किती गोड बोलावं माणसानं! हिलाल पन्हं पिऊन निघाला तेव्हा आतल्या खोलीत नातू आजीला म्हणत होता, "मले भूक लागनी." झोपाळा थांबला. "काय बोललास? पुन्हा बोल. मला भूक लागली, म्हण." पारोळ्याकडच्या खेड्यात जन्मलेला हा माणूस, बापानं लहानपणीच पुण्याच्या वसतिगृहात टाकलेला. तिथं बोलीवरून पोरांनी हसून हसून जीव नकोसा केला असणार. पण म्हणून आपल्याच आईच्या भाषेचा एवढा विटाळ?

मुदतवाढ आली नाही. कुवर सरांनी अर्ज केला की नाही, देव जाणे. महिना संपत आला. प्रमिला रोज येऊन आठवतील तेवढी गाणी पुन्हा टंकायची आणि मध्येच थांबून भिंतीकडे बघत बसायची.

"बाई, घरी कोण काय म्हणतं?"

"सासूबाई बोलत नाहीत माझ्याशी. म्हणजे रागानं नाही हो. बंबाकडे बघतात आणि रडतात."

हिलालला गलबलून आलं. त्यानं चहा मागवला आणि चहावाल्यावरच खेकसला.

त्याच आठवड्यात कुवर सरांचा निरोप आला. विद्यापीठात लोकसाहित्याचं चर्चासत्र होतं, सरांचा निबंध वाचायचा होता, तेव्हा सोबतच्या फ्लॉपीवरून प्रती छापून द्याव्यात. जळगावला सरांचं याच विषयावरचं पुस्तकही छापून होत आलं होतं, कुलगुरूंच्या प्रस्तावनेसह.

छपाईयंत्र करकरत एकेक ओळ काढू लागलं. हिलाल कंटाळून वाचू लागला. हळदीची गाणी होती, स्वच्छ प्रमाण मराठीत.

'सव्वा आहेर हळद दळली, सव्वा आहेर तेल,
नवरी माझी पिवळी झाली, जशी जाईची वेल.'

खाली बारीक अक्षरात टीप होती. 'सव्वा आहेर: खानदेशातील एक प्राचीन विवाहप्रथा. वधूपित्याने आहेर केल्यावर त्याचा चौथा हिस्सा पुन्हा वर घालून देण्याची रीत. या प्रथेचा प्रथम शोध प्रस्तुत लेखकास लागला.'

हिलाल हसला. असली प्रथा त्यानं बापजन्मी ऐकली नव्हती. आत्याच्या मांडीवर बसून त्यानं हळदीची गाणी किती ऐकली होती, पुरुषांना हाकलायचे पण पोरांना कोण हाकलतो? आत्या काय म्हणायची बरं? तो पुटपुटला आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

त्यानं छपाईयंत्राचं बटण बंद केलं. "दिलवर, प्रमिलाबाईंना बोलाव. आणि गरुड साहेबांना सांग, चोर सापडला."

चार

कुलसचिव आले. कुवर सर आले, चर्चासत्राची शाल खांद्यावर. अहिरे आला, प्रमिला दाराशी उभी राहिली. दिलवरसिंगनं सगळ्यांना खुर्च्या दिल्या आणि स्वतः पेटीजवळ उभा राहिला.

"सर," हिलाल कुवरांना म्हणाला, "निबंध छान आहे. ही गाणी तुम्ही कुठून मिळवलीत?"

"चाळीस वर्षांची तपश्चर्या आहे, बोरसे. बायकांच्या तोंडून, कानांनी ऐकून टिपलेली."

"आणि ही सव्वा आहेराची प्रथा? स्वतः पाहिलीत?"

"पाहिली म्हणजे? माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात वडिलांनी सव्वा आहेर केला होता. परातीत आहेर, वर पाव हिस्सा. अजून डोळ्यांसमोर आहे."

"साहेब, हे लक्षात ठेवा," हिलाल कुलसचिवांना म्हणाला. मग यंत्रासमोर बसला. "बाई, तुमचं गाणं म्हणा. तुमच्या प्रबंधात होतं तसं."

प्रमिला दारातून पुढे आली. मग तिनं म्हटलं.

"सव्वा शेर हयद दयी, सव्वा शेर तेल,
नवरी मनी पिवयी व्हयनी, जाईनी येल."

हिलालनं ते जसंच्या तसं टंकलं. खाली आणखी एक ओळ टंकली, 'मांडव दारी शे'. "आता समजा एखाद्या विद्वानाला हे गाणं शुद्ध करायचंय. त्याला सगळ्यात आधी काय डाचणार? 'शे'. पानापानावर शे, शे, शे. मग तो यंत्राला सांगतो, जिथं शे दिसेल तिथं आहे कर. बाकी हयद, दयी हाती सुधारता येईल." त्यानं आज्ञा दिली.

पडद्यावर 'मांडव दारी आहे' उमटलं. आणि वरती 'सव्वा शेर'चं झालं होतं 'सव्वा आहेर'.

गरुड साहेब पडद्याजवळ वाकले.

"यंत्राला शब्द कळत नाही, साहेब. त्याला अक्षरं कळतात. शेरातला शे त्यानं उचलला आणि तिथं आहे ठेवला. बाकीचे मोडके शब्द सरांनी वाचताना सुधारले असतील. आहेवटी, आहेजारी असलं काही दिसलं की कुणालाही कळेल. पण आहेर हा चांगला घरंदाज शब्द. नजर अडखळली नाही. अडखळली तेव्हा सरांनी त्याच्यासाठी प्रथा जन्माला घातली." हिलालचा आवाज चढला. "बाईच्या तोंडून ऐकणाऱ्याला शेर ऐकू येतो. आहेर फक्त या यंत्रातून येतो, आणि तोही खानदेशीत टंकलेला मजकूर आत असेल तरच. असा मजकूर या यंत्रावर एकाच माणसानं टंकला होता. आणि यंत्रानं घातलेली प्रथा सर म्हणतात, बहिणीच्या लग्नात डोळ्यांनी पाहिली!"

कुवर सरांनी शाल सावरली. चेहरा उतरला होता, पण आवाज अजून मधात घोळलेला होता. "मला यंत्रातलं काही कळत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. माझं टंकन अहिरे करतो. त्यानं कुणाचं काय घातलं असेल, मी काय सांगू?"

अहिरे ताडकन उठला. "सर?"

"बस रे," हिलाल म्हणाला. "तू नव्हतास, हे मला माहीत आहे. वर्गात मी आज्ञा शिकवली आणि लगेच तिचा धोकाही दाखवला. शब्दाच्या मागेपुढे मोकळी जागा टंकायची, म्हणजे यंत्र फक्त सुटा शब्द बदलतं. राम-श्यामचा खेळ करून दाखवला होता. अहिरेनं हे केलं असतं तर मोकळी जागा सोडली असती, कारण त्या खेळात सगळ्यात मोठा विनोद यानंच केला होता. आज्ञा माहीत आहे पण धोका माहीत नाही, असा माणूस एकच. आज्ञा शिकून मधूनच उठून गेलेला."

"मी शेवटपर्यंत होतो," कुवर सर पटकन म्हणाले. म्हणून गेल्यावर त्यांनी जीभ चावली, पण आता काय उपयोग? यंत्रातलं काही न कळणारा माणूस वर्गाला शेवटपर्यंत होता म्हणे.

"नव्हता, सर. कुलगुरूंची गाडी आली आणि तुम्ही उठलात. तुम्ही असता तर आम्ही हसलोच नसतो. आत्मारामाचा आत्माश्याम झाला त्या दिवशी, तुमच्या पाठीमागे. सगळ्या विद्यापीठाला ठाऊक आहे. तुम्हाला आज कळतंय, कारण तुम्ही तिथं नव्हता."

कुवर सरांनी अहिरेकडे पाहिलं. अहिरेनं मान खाली घातली, पण त्याचा ओठ हलत होता. ते हसू होतं.

"प्रमिला," कुवर सर वळले, "तू सांग. मी बापासारखा. मी तुझं काही घेतलं का गं?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. हो म्हणावं तर मार्गदर्शक गेला, नाही म्हणावं तर गाणी गेली.

"घेतलं," प्रमिला म्हणाली. "घेतलं ते घेतलं, वर माझं पुसलं. मागितली असती तर मी तुम्हाला निम्मी गाणी दिली असती, सर. पण तुम्ही सव्वा शेराचं काय केलंत हो? माझी आजी मरताना ते गाणं म्हणत होती."

पाच

कुलसचिव गरुड बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग त्यांनी दिलवरसिंगला दार लावायला सांगितलं.

"बोरसे, हुशार आहात. पण पुस्तकाला प्रस्तावना कुलगुरूंची आहे. त्यात त्यांनी त्या सव्वा आहेराचं कौतुक केलंय दीड पान. आता कुलगुरूंना जाऊन सांगू, की साहेब, तुम्ही एका टंकनदोषाची स्तुती केलीत?"

"सांगा ना."

"तुम्ही तरुण आहात," गरुड म्हणाले.

अहवालात लिहिलं गेलं, विजेच्या दाबातील चढउतारामुळे सामग्री नष्ट झाली. हिलालनं त्यावर सही केली नाही. म्हणून त्याला परीक्षा विभागात गुणपत्रिका छापायला बसवलं, तिथं एसी नव्हता. दिलवरसिंगला निष्काळजीपणाची समज मिळाली. मुदत टळली, जागा अहिरेला मिळाली. तो पेढे घेऊन हिलालकडे आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही मला वाचवलंत." हिलालनं पेढा त्याच्याच हातावर परत ठेवला.

"सगळं ऐकून त्या जागेवर बसलास ना?"

"मी नाही बसलो तर दुसरा कुणी बसेल, सर." त्याचंही खोटं नव्हतं. तेच तर सगळ्यात वाईट होतं.

कुवर सरांचं पुस्तक एम.ए.ला लागलं. एका वर्षी परीक्षा विभागात प्रश्नपत्रिका छापताना हिलालच्या हाताखालून प्रश्न गेला. 'सव्वा आहेर या प्रथेचे सामाजिक महत्त्व विशद करा.' त्यानं तो छापला. नाही छापून कुठं जाणार होता?

पुढे दोनेक वर्षांनी भिकुबाईंच्या, म्हणजे प्रमिलाच्या सासूबाईंच्या नातीचं लग्न निघालं. आग्रहाचं बोलावणं आलं म्हणून हिलाल कापडण्याला गेला. नवरदेव वरणगावच्या फॅक्टरीत नोकरीला. मांडवात आहेर झाला, परात भरली, तेवढ्यात नवरदेवाचे मामा पुढे झाले. हायस्कुलात मास्तर, नुकतेच बाहेरून एम.ए. झालेले.

"आहेर झाला. वरचा पाव कुठे आहे?"

मुलीचा बाप गोंधळला. "कसला पाव, भाऊ?"

"सव्वा आहेर! आपली जुनी खानदेशी रीत. तुम्हाला माहीत नाही? अहो, पुस्तकात आहे."

प्रमिला बायकांतून उठून पुढे आली. हात अजून हळदीनं पिवळे होते. ती आता एका शिकवणी वर्गात मराठी शिकवायची. "आहेर नाही, भाऊ," ती म्हणाली. "ते शेर आहे. सव्वा शेर हळद. पुस्तकात चुकलंय."

मामा हसले. "बाई, मोठमोठ्या डॉक्टरांनी लिहिलेलं पुस्तक आहे. तुम्ही काय पुस्तकापेक्षा शहाण्या?"

प्रमिलानं त्यांच्याकडे पाहिलं. वर्षानुवर्षं वर्गात शुद्ध बोलून बोलून घासलेली तिची जीभ एकाएकी घरी आली.

"ते पुस्तक मनंच शे," ती म्हणाली.

पुस्तक म्हणे हिचंच! मामांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणीतरी फिस्सकन हसलं, मग बरेच जण हसले. भिकुबाई तोंडाला पदर लावून खाली बसल्या. हिलाल गर्दी सारत पुढे येईपर्यंत मुलीच्या बापानं बोटातली अंगठी काढली होती आणि परातीत ठेवली होती.